वाचकांचे प्रश्न: खारपाणपट्ट्यात खारफुटी येईल का?

प्रश्न: आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात हाय. बोरचं पाणी खारं, ते पिकाले देताच येत नाई, दिलं तं जमीन टणक होते न वर पांढरं येते. मोबाईलवर व्हिडिओ पाह्यला, कच्छमंदी समुद्रापासून लांब कोरड्या जमिनीवर खारफुटीचं जंगल हाय म्हणे. मंग आमच्या पडीक वावरात हे झाडं लावले तं जमीन कामी येईल का? (एक शेतकरी)

उत्तर: भाऊ, व्हिडिओतली गोष्ट खरी आहे. कच्छच्या लखपत तालुक्यात गुनेरी गावाजवळ तिवराचं, म्हणजे खारफुटीच्याच एका जातीचं, असं जंगल आहे आणि गुजरातने २०२५ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. पण तिथं कधीकाळी समुद्र पोचत होता असं मानतात, म्हणजे ते झाड कोणी नेऊन लावलेलं नाही, जुन्या किनाऱ्याचं उरलेलं आहे. तुमच्या वावरात ते टिकणार नाही, आणि कोणी रोपं विकायला आलं तर घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो.

आपल्याला वाटते खारफुटीला मीठ लागते म्हणून ती खाऱ्या पाण्यात राहते, पण तसं नाही, तिला मीठ फक्त सोसते. गोड्या पाण्यात तिच्या बऱ्याच जाती जगतात पण तिथं बाकीची झाडं भरभर वाढून तिला दाबून टाकतात. तिला खरी गरज भरती-ओहोटीची असते, पाणी रोज चढते उतरते, साचलेलं मीठ धुऊन नेते, नवा गाळ आणते आणि बियाही पसरवते. कांदळ ही खारफुटीची दुसरी जात, तिचं बी तर झाडावरच रुजते, लांब शेंगेसारखं लोंबते आणि पडलं की चिखलात उभं राहते नाहीतर पाण्यावर तरंगत दुसरीकडे जाते. चिखलात हवा नसते म्हणून तिवराची मुळं पेन्सिली रोवल्यासारखी जमिनीतून वर येतात आणि ओहोटीला त्यातून हवा घेतात. मिठाचंही प्रत्येकाचं वेगळं, कांदळ बहुतेक मीठ मुळाशीच अडवते, तिवर ते पानातून बाहेर टाकते, पान चाटून पाहिलं तर खारट लागते.

आता तुमचं वावर बघा. जमीन काळी चिकण, मातीत सोडियम जास्त, पाण्याचा निचरा नाही, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. बोरचं पाणी दिलं की पाणी उडून जाते आणि मीठ तिथंच राहते, ते धुऊन न्यायला भरती कुठून येणार? त्यापेक्षा शेततळ्यात पावसाचं गोडं पाणी धरा, निचऱ्याचे चर काढा आणि माती तपासून घेऊन मगच जिप्समचं (मातीतलं सोडियम कमी करायला टाकतात ते खनिज) बघा, किती टाकायचं ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठात विचारा.

प्रश्न: सर, मी सिरोंच्याची, अकरावीत आहे. भूगोलात खारफुटी आहे पण आमच्याकडे तर समुद्रच नाही, मग आमचा तिच्याशी काय संबंध? (एक विद्यार्थिनी)

उत्तर: बेटा, तुझ्याच गावापासून संबंध सुरू होतो! पैनगंगा वर्ध्याला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, पुढे सोमनूरला इंद्रावतीही येते आणि हे सगळं पाणी आंध्रात काकीनाड्याजवळ समुद्राला भेटते. तिथंच कोरिंगाचं खारफुटी जंगल आहे, १९७८ पासून अभयारण्य. ज्या चिखलात ते उभं आहे त्यात आपल्या विदर्भातून वाहून गेलेली मातीही आहे. त्या मुळांमध्ये कोळंबीची, माशांची पिल्लं वाढतात, खेकडे राहतात, आणि मासे पकडून खाणारी रानमांजर त्या जंगलाची खास ओळख आहे. वादळातही हे जंगल कामी येते, १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यात ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा रुंद होता तिथं माणसं कमी दगावली असं नंतरच्या अभ्यासात दिसलं.

पण नदीचं पाणी न गाळ वर अडला की खाली त्रास होतो. गंगेवर १९७५ मध्ये फराक्का बॅरेज सुरू झाल्यावर बांगलादेशातल्या सुंदरबनकडे उन्हाळ्यात जाणारं गोडं पाणी कमी झालं, खारटपणा वाढला आणि तिथली सुंदरी नावाची खारफुटीची झाडं शेंड्याकडून वाळायला लागली. गोदावरीतही धरणांमुळे गाळ कमी पोचतो आणि मुखाजवळचा किनारा जागोजागी झिजतो आहे. आपल्याला धरणं लागतात, सिंचन लागते, ते कोणी नाकारत नाही, पण समुद्राला गेलेलं पाणी वाया गेलं असं जे सहज बोलल्या जाते ते मला अजिबात पटत नाही. कोरिंगाचा मासेमार त्याच पाण्यावर जगतो.

प्रश्न: परीक्षेसाठी खारफुटी जगात आणि भारतात कुठे कुठे आहे ते थोडक्यात सांगा. (वर्धा जिल्हा)

उत्तर: उष्ण पट्ट्यातल्या किनाऱ्यांवर, कारण दव गोठेल अशी थंडी तिला चालत नाही. सगळ्यात जास्त इंडोनेशियात. भारतात २०२३ च्या वन अहवालानुसार सुमारे ४,९९२ चौरस किलोमीटर, पहिला पश्चिम बंगाल, मग गुजरात. महाराष्ट्रात ३१५ च्या आसपास, सगळी कोकणात. आपल्या राज्याने २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवन (म्हणजे खारफुटी) वृक्ष जाहीर केला, हा प्रश्न येऊ शकतो.