लष्करी गाडीने भाडं मारलं तर

प्रश्न असा: छावणीच्या गावात परमिट, बॅज, पासिंग, विमा असं सगळं भरून आपण रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी स्टँडवर नंबर लावायचा, आणि लष्कराच्या गाडीने स्टेशनवरून पैसे घेऊन पॅसेंजर उचलायचे. हे चालतं का?

नाही चालत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६६ वाचा. सरकारी गाडीला परमिटची सूट आहे, पण ती सरकारी कामासाठी, आणि त्या कामाचा धंद्याशी संबंध नसेल तरच. विम्याची सूटही (कलम १४६) धंद्याशी संबंध नसेल तरच. भाडं घेतलं की सूट कुठल्या तोंडाने मागणार? मला जास्त काळजी पॅसेंजरची वाटते. अपघात झाला तर खातं म्हणेल, ही फेरी आमच्या हुकमातली नव्हतीच. मग त्याने भरपाईसाठी कोणाचं दार वाजवायचं?

मात्र सुट्टीवर निघालेल्या जवानांना स्टेशनवर सोडणं, त्यांच्या मुलांना शाळेत नेणं हे त्या गाड्यांचं कामच आहे. ते तक्रारीत घालू नका. तो आपला धंदा कधी नव्हताच.

आधी गाडी कोणाची ते बघा. लष्करी नंबरात वर टोक केलेला बाण असतो आणि त्यापुढे गाडी घेतल्याच्या वर्षाचे दोन आकडे. काचेवर नुसतं 'आर्मी' लिहिलेली पांढऱ्या पाटीची गाडी खासगी असते. ती भाडं मारत असेल तर सरळ आरटीओकडे जा. कलम १९२-अ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

बाणवाली असेल तर अर्ज स्टेशन हेडक्वार्टरला, म्हणजे छावणीचा कारभार बघणाऱ्या लष्करी कचेरीला. तारीख, वेळ, पूर्ण नंबर, कुठून कुठे, किती पैसे घेतले, सगळं लिहा. प्रत्येक लष्करी गाडीची कार डायरी असते, त्यात फेरी, किलोमीटर आणि काम नोंदवलेलं असतं. तुमची वेळ नेमकी असली तरच ती डायरीशी ताडून बघता येते. "रोज नेतात" एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. पैसे दिलेल्या एखाद्या पॅसेंजरने दोन ओळी लिहून दिल्या तर फारच उत्तम.

गाडी अडवू नका, गेटवर फोटो काढू नका. उलट तुमच्यावरच केस व्हायची. अर्ज संघटनेच्या लेटरहेडवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.