दुसऱ्या पिढीत वजने घटली, म्हणून शुद्ध मेंढा परत आणू नका

नमस्कार. दोन जातींच्या संकरातून नवी जात घडवताना पहिल्या पिढीची संकरित कोकरे दणकट निघाली, पण त्यांचीच आपसात पैदास केल्यावर दूध तोडतानाची वजने घटली, तर शुद्ध जातीचा मेंढा पुन्हा कळपात सोडावा का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझीच जुनी नोंदवही समोर उघडल्यासारखे वाटले. निदान तिसऱ्या पिढीची वजने हाती येईपर्यंत सोडू नका.

दोन जातींचे रक्त निम्मे-निम्मे असेल, तर पहिल्या पिढीतील संकर जोमापैकी, म्हणजे वेगळ्या जाती एकत्र आल्याने कोकरांत येणाऱ्या जादा दणकटपणापैकी, निम्माच पुढे टिकतो. तीन जाती सारख्या प्रमाणात असतील, तर दोन तृतीयांश. शिवाय दुसऱ्या पिढीच्या कोकरांना पूर्ण संकरित आयांचे दूध मिळालेले असते, त्यामुळे तिसऱ्या पिढीत वजने आणखी थोडी उतरली तरी घाबरू नये. डॉर्परसारखी नावाजलेली जातही डॉर्सेट हॉर्न आणि ब्लॅकहेड पर्शियन या दोनच जातींवर उभी राहिली आहे.

माझी खरी चूक मात्र त्याआधीची होती. सुरुवातीला मी एकच देखणा मेंढा सगळ्या मेंढ्यांना वापरला. वहीत ‘बाप’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच बिल्ला क्रमांक होता, म्हणजे पहिली पिढी सगळी सावत्र भावंडे आणि त्यांच्या कोकरांत साडेबारा टक्के निकट पैदास, म्हणजे नात्यातल्याच जनावरांची पैदास. वजने घटली तेव्हा जोम ओसरल्याने किती आणि निकट पैदाशीने किती, हे वेगळे काढण्याचा मार्गच उरला नव्हता. ज्या सल्ला कार्यालयाकडे मी गेलो, तेथील अधिकाऱ्यांनी वही न उघडता दोन कोकरे उचलून पाहिली आणि ‘शुद्ध मेंढा आणा’ एवढेच सांगितले. मी ऐकले. मेंढ्याच्या जातीच्या रक्ताचे प्रमाण तीनास एक झाले, टिकणारा जोम निम्म्यावरून तीन अष्टमांशावर आला, आणि ज्या काटक मेंढ्यांसाठी हा खटाटोप मांडला होता, त्यांचाच वाटा घटला. यात माझी चार वर्षे गेली, आणि त्याचा राग आजही शमलेला नाही.

मी पशुवैद्य नाही आणि तुमचा कळपही पाहिलेला नाही, तरीही माझे मत ठाम आहे: एकमेकांशी नाते नसलेले निदान दहा नर ठेवता येत नसतील, तर एकट्याने नवी जात घडवायला घेऊ नये, दोन-तीन कळपवाल्यांनी मिळून घ्यावी. चारच नर असले, तर निकट पैदास दर पिढीला सुमारे तीन टक्क्यांनी वाढत जाते. वजनांची तुलना करताना जुळी-एकुलती आणि आईचे वय यांची सूट धरा. आणि दोन्ही कानांत बिल्ले मारा, कारण कुंपणात अडकून एक तुटला की त्या कोकराचा बापही वहीतून हरवतो.