आश्रमशाळांमधल्या सर्वेक्षणाची परवानगी अडकली असेल तर

तुमची पोस्ट वाचली आणि माझे जुने दिवस आठवले. तुमचा पीएच.डी.चा विषय आदिवासी युवकांमधले नेतृत्वगुण, शिक्षण आणि घरची आर्थिक स्थिती. तालुके नंदुरबार जिल्ह्यातले अक्राणी आणि अक्कलकुवा. गाईड म्हणतात दिवाळीआधी डेटा आणा, आणि कार्यालयातून परवानगीचं पत्र हलत नाही. माझा विषय याच्या शेजारचाच होता.

गृहीतकं, एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) वगैरे सोडून देतो, ते तुम्हाला येतच असणार.

माझं घोडं जिथे अडलं त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. अर्ज ठेवून घेतला, आवक क्रमांक काही दिला नाही. "साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या आठवड्यात ये ना भो." मग म्हणे विद्यापीठाचं पत्र आणा. आणलं, तर त्यात शाळांची नावं नाहीत. ती घालून आणेपर्यंत टेबल बदललं आणि नव्या बाबूंना मूळ अर्जच सापडेना! मुलांना प्रश्नावली द्यायला एवढा घाम, आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तीच मुलं रांगेत उभी करायला कुणाची परवानगी लागत नाही. असो.

हेलपाट्यांचं सोडा, खरा घाटा पुढेच आहे. दिवाळी झाली की सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि हाताशी आलेली पोरं बरोबर जातात. पत्र मिळालं तेव्हा वर्गात उरली होती ती थोडीफार शेती असलेल्या किंवा मागे आजी-आजोबा असलेल्या घरांतली. गरिबीचा शिक्षणावर काय परिणाम होतो हे शोधायचं, आणि सगळ्यात गरीब घरंच नमुन्यातून गायब. आकडे मात्र देखणे आले. मौखिकीला बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

म्हणून माझं ठाम मत: नमुना वर्गात बसलेल्या मुलांतून काढूच नका. जुलैचा हजेरीपट घ्या, त्यातून नावं काढा, आणि जे भेटले नाहीत ते का नाहीत हे प्रबंधात लिहा. होळीला बरेच जण गावी परततात, तेव्हा राहिलेले गाठता येतात. पण परीक्षाही तेव्हाच तोंडावर येतात, त्यामुळे मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा.

जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आश्रमशाळा यांची परवानगी एकाच ठिकाणी मागू नका. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, म्हणजे प्रकल्प कार्यालय. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. माहिती अधिकारात परवानगी मिळत नसते, हे पुष्कळांना कळत नाही. मात्र "माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली" हे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारता येतं, आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मी वकील नाही, गाईडना विचारूनच करा. काही गाईडना माहिती अधिकार म्हटलं की धडकी भरते.

प्रश्नावलीबद्दल. "माझ्यात गटाचे नेतृत्व करण्याची क्षमता आहे" अशा विधानांवर मुलं डोळे झाकून पूर्ण सहमत अशी खूण करतात. त्यापेक्षा "सर नसताना वर्ग कोण सांभाळतं?" हे वर्गातल्या प्रत्येकाला विचारा. आमच्याकडे एका वर्गात बहुतेकांनी एकाच मुलीचं नाव घेतलं, आणि तिने स्वतःच्या कागदावर सगळीकडे "सांगता येत नाही" लिहिलं होतं. पावरी किंवा भिलोरी बोलणारं कुणी सोबत ठेवा. अहिराणीवर सगळं खानदेश निभतं हा आपल्या जळगाव-धुळेवाल्यांचा गैरसमज आहे.

वयाचंही बघा. राष्ट्रीय युवा धोरण २०१४ मध्ये युवा म्हणजे १५ ते २९, संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत १५ ते २४. कुठलं धरलं ते पहिल्या प्रकरणातच लिहा. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागते, तीही ते गुजरातेत जायच्या आधी. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुने आकडे घ्याल तर तालुक्यांची बेरीज करून घ्या. आणि २०११ च्या जनगणनेतल्या ६४ टक्के साक्षरतेवर आजच्या युवकांबद्दल निष्कर्ष काढू नका. आजची बारावीतली पोरं तेव्हा अंगणात दुडदुडत होती.

जाता जाता, नेतृत्वापासून अर्थशास्त्रापर्यंत सगळं छापणाऱ्या "आंतरराष्ट्रीय" मासिकांना पैसे भरू नका. प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) सक्ती २०२२ च्या नियमांत उरलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा तपासा.

नेतृत्वाची विधानं इथे टाका, बघून सांगतो. हजेरीपटाच्या प्रतीसाठी मात्र उद्याच मुख्याध्यापकांना फोन करा.