कमोडची सीट सैल झाली असेल, तर नवीन कोणती घ्यावी आणि ती घरच्या घरी बसवता येते का?

तुम्ही विचारले आहे की घरातल्या कमोडची सीट बसताना डावीउजवीकडे सरकते, झाकणाला तडा गेला आहे आणि घरात सासूबाई वयस्कर आहेत. तर नवीन सीट कोणत्या कंपनीची घ्यावी आणि प्लंबरला न बोलावता ती बसवता येईल का. बसवता येते, त्यात शंका नाही. कंपनीच्या प्रश्नाकडे मी नंतर वळते. आधी ती सरकते याबद्दल लिहिते, कारण आमच्या घरात याच तक्रारीकडे बरेच महिने काणाडोळा झाला आणि तिचे खापर एका म्हाताऱ्या माणसाच्या वयावर फोडले गेले.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मिरजेला दादाकडे राहतात. त्यांच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण खाली बसायचा संडास कायमचा बंद झाला आणि एरवी पाहुण्यांपुरता वापरला जाणारा कमोड त्यांच्या रोजच्या वापरात आला. त्यावरची सीट हलक्या प्लॅस्टिकची होती आणि तिच्याकडे कधी कुणी लक्ष दिलेले नव्हते. धडधाकट माणूस कमोडवर सरळ बसतो, त्यामुळे सीट थोडी सैल असली तरी त्याला ते जाणवत नाही. गुडघा दुखरा असलेला माणूस तसा बसत नाही. तो आधी चांगल्या पायावर भार घेतो, एक हात भिंतीला किंवा बेसिनला लावतो, दुसरा हात मागे नेऊन सीटची कड चाचपतो आणि मग तिरका होऊन अंग टेकवतो; उठतानाही त्याच कडेवर तळहात दाबून तो स्वतःला वर ढकलतो. म्हणजे त्याचा भार बाजूने येतो, आणि नेमक्या त्याच क्षणी सीट बोटभर जरी सरकली, तरी धरायला दुसरे काहीही हाताशी नसते.

अण्णांनी हे दादाला सांगितले होते. दादाचे उत्तर ठरलेले होते : "अण्णा, वयामुळे तोल जातो. सीट हलली म्हणून कुणी पडत नाही." अण्णांनी पुन्हा विषय काढला नाही. दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा वहिनीने मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितले की अण्णांनी संध्याकाळचा चहा सोडला आहे आणि दिवेलागणीनंतर ते पाणीही पीत नाहीत. रात्री एकट्याने उठून संडासला जावे लागू नये, एवढ्यासाठी तो माणूस तहान मारत होता. हे ऐकून मला जो संताप आला तो अजून पुरता गेलेला नाही, आणि तुमच्या प्रश्नाला एवढे लांब उत्तर लिहायला बसण्याचे कारणही तेच आहे.

सीट का सरकते हे समजायला फार अक्कल लागत नाही, फक्त खाली वाकून बघावे लागते. भांड्याच्या मागच्या भागात, टाकीच्या पुढे, दोन छिद्रे असतात. सीटच्या बिजागऱ्यांचे बोल्ट त्यांतून खाली उतरतात आणि खालून नट आवळलेले असतात. चिनी माती भट्टीत आकसते, त्यामुळे ही छिद्रे अगदी मापात ठेवता येत नाहीत. ती बोल्टपेक्षा मुद्दामच बरीच मोठी ठेवलेली असतात. राहिलेली पोकळी भरून काढण्यासाठी नव्या सीटच्या पाकिटात रबराचे किंवा प्लॅस्टिकचे निमुळते वॉशर दिलेले असतात, जे छिद्रात शिरून बोल्टला मधोमध धरून ठेवतात. आमच्या कमोडला ते वॉशर नव्हतेच. ज्याने कुणी कमोड बसवला त्याने नुसते नट आवळून काम उरकले होते. असा नट कितीही आवळला तरी बाजूने जोर आला की बोल्ट त्या पोकळीत सरकतो आणि सरकून सरकून नट पुन्हा ढिला होतो.

मी दादाला बोलावून सीटच्या कडेला तळहात लावायला आणि ती बाजूला लोटायला सांगितले. ती सरकली. त्यावर त्याने "एवढी तर सगळ्यांच्याच घरची हलते" असे म्हटले. ते खरेही असेल, पण सगळ्यांच्या घरी गुडघा बदललेला माणूस त्या कडेवर हात दाबून उठत नसतो. त्यानंतर त्याने बोलावलेल्या प्लंबरने गंजलेले बोल्ट पाहिले आणि हे निघणार नाहीत, अख्खा कमोडच बदला, असा निर्वाळा दिला. हा सल्ला तुम्हालाही मिळेल. भांड्याला स्वतःला तडा गेलेला नसेल तर तो मुळीच मानू नका. बोल्ट गंजला म्हणून भांडे फोडून काढणे, फरशी उखडणे आणि नवे भांडे बसवणे यात प्लंबरचे भले आहे, तुमचे नाही.

आता निवडीबद्दल. दुकानात जाण्याआधी सीट उचलून भांड्याच्या काठावर वर्तमानपत्राचा कागद पसरा, काठाची बाहेरची कड पेन्सिलीने गिरवा, दोन छिद्रांच्या जागी कागदाला भोके पाडा आणि तो कागदच बरोबर न्या. दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर बहुतेक भांड्यांत १४० ते १६० मिलिमीटरच्या आसपास असते आणि बिजागऱ्या थोड्या इकडेतिकडे सरकवता येत असल्यामुळे त्यात सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती छिद्रांच्या रेषेपासून पुढच्या काठापर्यंतच्या लांबीची आणि आकाराची. काही भांडी लांबट असतात, काही गोलसर, काही इंग्रजी डी अक्षरासारखी, तर काही जवळजवळ चौकोनी. दुकानदार "युनिव्हर्सल आहे, ताई, सगळ्यांना बसते" असे सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ फक्त बिजागऱ्या सरकतात एवढाच असतो. सीटचा घेर भांड्याला जुळला नाही, तर तिच्या खालचे रबरी बफर काठावर टेकण्याऐवजी आत किंवा बाहेर लोंबकळतात आणि सगळा भार दोन बिजागऱ्यांवर येतो. अशी सीट काही दिवसांत पुन्हा सैल होते किंवा बिजागरीपाशी मोडते. आमच्या दुकानदाराने समोर ठेवलेली पहिली सीट मी कागदावर ठेवून पाहिली, तर ती पुढून चांगली अंगठाभर आखूड निघाली.

कंपनीचे म्हणाल, तर हिंदवेअर, पॅरीवेअर, सेरा यांसारख्या कंपन्यांच्या सीट वेगळ्याही मिळतात. तुमच्या भांड्यावर जे नाव छापलेले असेल त्याच कंपनीची आणि त्याच मॉडेलची सीट मिळाली, तर मापाचा प्रश्नच उरत नाही. यापलीकडे कंपनीबद्दल माझा काही आग्रह नाही. आग्रह आहे तो बिजागरीचा. सीट हातात घेऊन उलटी करा आणि बिजागरी व बोल्ट कशाचे आहेत ते पाहा. आपल्याकडे पाण्याचा वापर भरपूर, त्यात जेट स्प्रेचे शिंतोडे सगळीकडे उडतात, शिवाय आठवड्याला ॲसिडची सफाई असते. चकचकीत मुलामा दिलेला लोखंडी बोल्ट त्यापुढे टिकत नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे किंवा चांगल्या जाड प्लॅस्टिकचे असावेत. लाकडाच्या भुशाची दाबून केलेली सीट दिसायला भारदस्त असते, पण कड जराशी उघडी पडली की पाणी पिऊन फुगते, म्हणून ती आपल्या ओल्या न्हाणीघरांत चालत नाही. साध्या पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची सीट हलकी असते, वजनाखाली थोडी वाकते आणि कालांतराने पिवळी पडते. युरिया फॉर्मल्डिहाइड या कडक प्लॅस्टिकची, जिला दुकानदार यूएफ म्हणतात, ती जड, कडक आणि गुळगुळीत असते. तिच्यावर सहज ओरखडे उठत नाहीत आणि बसल्यावर ती लवत नाही. वयस्कर माणसासाठी मी यूएफचीच घ्यावी असे म्हणेन. मी तीच घेतली. किंमत ऐकून दादाने "एका झाकणासाठी एवढे पैसे?" असे विचारले. ज्याच्यावर वडील दिवसातून अनेकदा आपला सगळा भार टाकतात त्याला झाकण समजणे, हीच आमच्या भांडणाची मूळ जागा होती.

जुनी सीट काढणे हेच खरे काम. नट प्लॅस्टिकचे असतील तर हातानेही सुटतात. धातूचे असतील तर पाना लागतो, आणि आठ मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा १३ नंबरचा पाना लागू पडतो. गंजले असतील तर गंज सोडवणारा स्प्रे मारून ते तासभर तसेच राहू द्या. तरीही सुटले नाहीत तर बोल्ट कापा. मी बिजागरी आणि भांडे यांच्या फटीत हॅक्सॉचे, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचे, नुसते पाते घातले, त्याचे हातातले टोक फडक्याने गुंडाळले आणि चिनी मातीवर चरे पडू नयेत म्हणून खाली अण्णांच्याच गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेची फिल्म सरकवली. पात्याला फटीत जेमतेम दोन बोटांएवढी हालचाल मिळत होती, गंजाची तांबडी पूड त्या फिल्मवर साचत होती, पण बोल्ट कापला गेला आणि भांड्याला ओरखडाही उठला नाही. हातोडी मात्र चुकूनही वापरू नका; चिनी मातीला एकदा तडा गेला की मग प्लंबरचे म्हणणे खरे ठरते.

नवी सीट बसवताना निमुळते वॉशर छिद्रात नीट बसलेले आहेत याची खात्री करा. नट आधी हलकेच लावा, झाकण मिटून सीट भांड्याच्या काठाशी समांतर आणा आणि मगच दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. जोर लावून पिळू नका. त्यानंतर सीटच्या कडेला तळहात लावून ती बाजूला लोटून पाहा. ती तसूभरही हलता कामा नये. सगळे बफर काठावर टेकले आहेत का, हे सीटखालून कागदाचा कपटा सरकवून तपासता येते; टेकलेल्या बफरखाली तो अडकतो.

दादा आजही म्हणतो की अण्णा पुन्हा एकटे जायला लागले ते सीटमुळे नव्हे, तर त्याच आठवड्यात त्याने भिंतीला बसवून घेतलेल्या स्टीलच्या दांडीमुळे. दांडीचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. तुम्हीही ती जरूर बसवा, आणि ती फरशीला चिकटवलेली किंवा हवेच्या दाबाने धरणारी नको, तर भिंतीत भोके पाडून पक्की केलेली हवी. पण दांडी जास्त करून उठताना कामी येते. बसताना मागे गेलेला हात सीटच शोधतो. शिवाय म्हातारे माणूस एखादी गोष्ट हलते असे सांगते, तेव्हा आधी ती गोष्ट तपासावी आणि मग त्याच्या वयाविषयी बोलावे. तुमच्या सासूबाईंनी ही तक्रार केली असेल तर त्यांना भीती वाटते का, हे वेगळे विचारा, कारण आमच्या अण्णांनी ते विचारल्याशिवाय सांगितले नाही.

काही गोष्टी वर लिहायच्या राहिल्या. भिंतीला टांगलेल्या किंवा बाजूने पूर्ण बंद असलेल्या भांड्यांत खालून नटापर्यंत हात पोहोचत नाही. त्यांच्यासाठी वरून आवळायच्या बिजागऱ्यांची सीट मिळते, तीच मागा. हळू मिटणारी सॉफ्ट क्लोज सीट चांगली असते, पण ती हाताने दाबून बंद केली की तिच्या बिजागरीतला डॅम्पर, म्हणजे तिला हळू मिटवणारा भाग, खराब होतो, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे लागते. यूएफची सीट कडक असल्यामुळे हातातून फरशीवर पडली तर फुटू शकते. झाकण उघडल्यावर टाकीला टेकून स्थिर उभे राहते का, हेही पाहा. ते नव्वद अंशांवरच थांबत असेल तर पाठीवर येते. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर केवळ सीट बदलून बहुधा भागत नाही, उंची वाढवणारी जोडसीट लागू शकते, आणि ती किती इंचांची हवी हे डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवावे. सफाईचे ॲसिड बिजागऱ्यांवर पडू देऊ नका, आणि ते ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, कारण त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. नवी सीट बसवल्यावर रबरी वॉशर दबून बसतात आणि नट किंचित ढिले होतात. म्हणून दोनेक आठवड्यांनी ते पुन्हा एकदा आवळा, आणि ते काम "बघू नंतर" म्हणणाऱ्या माणसावर सोपवू नका.