वाचकांचे प्रश्न : पूलचा रॅक घट्ट बसावा म्हणून काय घ्यावं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एक क्लबचालक विचारतात : आमच्याकडे पूल खेळायची (काठीने बॉल पॉकेटात घालायचा खेळ) नऊ फुटी दोन टेबलं आहेत. बॉल जुळवायच्या लाकडी त्रिकोणी चौकटीचे, म्हणजे ट्रँगलचे, सांधे सुटलेत. ब्रेकवर, म्हणजे ढीग फोडणाऱ्या पहिल्या फटक्यावर, कधी बॉल चौफेर फुटतात, कधी अर्धा ढीग जागचा हलत नाही. नवा ट्रँगल प्लास्टिकचा घ्यावा, ॲल्युमिनियमचा, की ती पातळ शीट?

उत्तर : रॅक म्हणजे जुळवून लावलेला बॉलचा ढीग, आणि तो लावायच्या साधनालाही रॅकच म्हणतात. आधी बॉल मोजा. हे आग्रहाने सांगतोय, कारण बऱ्याच क्लबांत महाग रॅक येतो, महिन्याभरात त्यालाच दोष देऊन कपाटावर पडतो, आणि मूळ दुखणं बॉलमध्ये असतं.

एका बॉलभोवती सहा बॉल एकमेकांना आणि मधल्यालाही टेकून बसतात, पण सातही एका मापाचे असतील तरच. मधला 0.1 मिमी मोठा असला तर बाहेरच्या कड्यात फटी पडतात. मधला लहान असला तर कडं मिटतं आणि मधला आत सुटा राहतो. 15 बॉलच्या त्रिकोणात बॉल एकमेकांना 30 ठिकाणी टेकले पाहिजेत आणि चारी बाजूंनी असे वेढलेले बॉल तीन असतात : तिसऱ्या ओळीतला मधला (15 बॉलच्या एट-बॉल खेळात काळा) आणि चौथ्या ओळीतले मधले दोन. मापं जुळत नसतील तर हिशेबाने तीन फटी राहणारच. कितीही दाबलं तरी फट मिटत नाही, एका जागेवरून दुसरीकडे सरकते. नऊ बॉलच्या नाइन-बॉल खेळात बॉल शंकरपाळ्याच्या आकारात (डायमंड) लावतात; त्यात स्पर्श 16 आणि वेढलेला बॉल एकच, म्हणून तिथे एक फट. त्याच जुन्या बॉलवर नाइन-बॉलचा रॅक बरा बसतो आणि एट-बॉलचा बसत नाही, याचं कारण हेच.

पूलच्या बॉलचा व्यास 2.25 इंच, म्हणजे 57.15 मिमी, आणि वजन साडेपाच ते सहा औंस, म्हणजे साधारण 156 ते 170 ग्रॅम. मोजायला 50 ते 75 मिमीचा मायक्रोमीटर लागतो. उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावात कुणी टर्निंगचं काम करणारं ओळखीचं असेल तर अर्ध्या तासात काम होतं. बॉल धुऊन, पुसून न्या. प्रत्येक बॉल तीन दिशांनी मोजा, कारण झिजलेला बॉल गोल राहिलेला नसतो आणि एकाच मापावरून ते कळत नाही. आकडे बॉलच्या नंबरासमोर वहीत लिहून ठेवा. सगळे 0.05 मिमीच्या आत असतील तर सेट उत्तम. 0.1 पर्यंत फरक असेल तर निभावतं. 0.2 च्या पुढे गेला असेल तर रॅकवर पैसे घालू नका, आधी बॉल बदला. बेल्जियममध्ये बनणाऱ्या अ‍ॅरामिथसारखे फिनॉलिक रेझिनचे बॉल महाग असतात, पण स्वस्त पॉलिस्टरच्या बॉलपेक्षा फार सावकाश झिजतात. दोन टेबलांचा क्लब असेल तर हा खर्च रॅकपेक्षा आधी करावा.

वही पाहताना एक गोष्ट तपासा. ज्या टेबलावर नाइन-बॉल जास्त चालतो, तिथे 1 ते 9 नंबरचे बॉल रोज मार खातात आणि 10 ते 15 पेटीत बसून राहतात. दोन वर्षांनी तोच सेट एट-बॉलला काढला की झिजलेले आणि कोरे बॉल मिसळतात. त्यामुळे दोन खेळांना दोन सेट ठेवा. हरवलेल्या बॉलच्या जागी दुसऱ्या सेटमधला बॉल घालायची सवय तर अजिबात नको.

आता रॅक. पातळ प्लास्टिकचा ट्रँगल बोटांच्या दाबाने फुगतो. मागची ओळ दाबली की बाजू बाहेर जातात आणि कोपऱ्यातले बॉल सुटतात. विकत घेताना दोन कोपरे धरून दाबून पाहा. बाजू वाकताना डोळ्यांना दिसली तर ठेवून द्या. जाड लाकडी ट्रँगल यापेक्षा चांगला, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि सांध्यातला डिंक सुटतो. तुमच्या ट्रँगलचं बहुधा तेच झालंय. डेल्टा-13 सारखा ॲल्युमिनियमचा ट्रँगल वाकत नाही. ट्रँगलच हवा असेल तर तो घ्या. फक्त खालची कड बोटाने फिरवून पाहा. धार लागली तर ती कापडाला दररोज घासणार.

पातळ शीटचा प्रकार वेगळा आहे. मॅजिक रॅक म्हणून विकली जाते ती याच जातीची. कापडावर शीट पसरायची, तिच्या कापलेल्या जागांत बॉल ठेवायचे आणि ब्रेक होईपर्यंत तशीच राहू द्यायची. हात सफाईदार नसला तरी रॅक दर वेळी त्याच जागी, तितकाच घट्ट बसतो. ट्रँगल उचलताना जी गडबड होते ती इथे होतच नाही. तुमच्याकडे रॅक गिऱ्हाईकच लावत असतील, म्हणून आमचं मत शीटच्या बाजूने आहे. दोन अडचणी मात्र आहेत. ब्रेकनंतर एखादा बॉल शीटवरच थांबतो. तेव्हा काय करायचं ते खेळाआधी दोघांनी ठरवून घ्यावं. दुसरं म्हणजे शीटला चुणी पडली की ती गेली. घडी न घालता पुठ्ठ्यात सपाट ठेवा.

कसबा बावड्यातून एक खेळाडू : ट्रँगल उचलला की सगळ्यांत पुढचा बॉल केसभर पुढे सरकतो. दर वेळी. काय करू?

उत्तर : दर वेळी तोच बॉल, त्याच दिशेने सरकत असेल तर दोष हाताचा नाही, जागेचा आहे. स्पॉटवर, म्हणजे पुढचा बॉल ठेवायच्या खुणेवर, चिकटवलेला गोल स्टिकर पाहा. त्याची कड उचलली असेल किंवा एकावर एक दोन चिकटवले असतील तर बॉल त्या उंचवट्यावरून उतरतो. जुना काढून एकच पातळ स्टिकर लावा. शीट वापरणार असाल तर स्टिकर लागतच नाही. जागा कळण्यापुरती पेन्सिलीची फुली पुरते.

स्टिकर ठीक असेल तर कापडातला खड्डा शोधा. वर्षानुवर्षं पुढचा बॉल एकाच जागी आपटून स्पॉटवर वाटी तयार होते. तुमचा रॅक त्या वाटीच्या थोडा मागे लागत असेल तर बॉल तिच्यात घरंगळतो. स्पॉट बरोबर आहे का तेही मोजा : नऊ फुटी टेबलाचं खेळायचं क्षेत्र 100 बाय 50 इंच, आणि स्पॉट मागच्या कुशनच्या नाकापासून (टेबलाच्या रबरी कडेच्या आत आलेल्या टोकापासून) 25 इंचावर, म्हणजे 635 मिमीवर, बरोबर मध्ये. चुकीच्या जागी असलेला स्पॉट, आम्हाला वाटतं, अपेक्षेहून जास्त ठिकाणी सापडेल.

हेही नसेल तर उतार. मशीन बसवणारे वापरतात ती 0.02 मिमी प्रति मीटरची लेव्हल रॅकच्या जागेवर आडवी-उभी ठेवून पाहा. सुताराच्या लेव्हलला हा फरक कळत नाही.

शाहूपुरीतून : ट्रँगलनेच रॅक लावायचा तर हाताची पद्धत कोणती?

उत्तर : ट्रँगल पुढे-मागे दणादण घासून मग झटक्यात उचलायची सवय आधी सोडा. घासताना बॉल फिरायला लागतात आणि ट्रँगल उचलला तेव्हा ते फिरणं पुरतं थांबलेलं नसतं. बॉल ट्रँगलमध्ये घेऊन पुढचा बॉल स्पॉटच्या तीन-चार सेंटिमीटर मागे ठेवा. दोन्ही अंगठे ट्रँगलच्या मागच्या दांडीवर, बाकीची बोटं आतून मागच्या ओळीच्या पाचही बॉलमागे. सगळा ढीग एका संथ सरकीने स्पॉटवर न्या आणि तिथे बोटांचा दाब तसाच ठेवून दोन सेकंद थांबा. मग बोटं सरळ वर काढा, मागे ओढू नका. ट्रँगल मिलिमीटरभर पुढे सरकवून मागची दांडी आधी उचला.

तपासायला मोबाइलचा टॉर्च रॅकच्या पलीकडे कापडालगत धरा आणि समोरून पाहा. दोन बॉल टेकतात तिथे उजेडाची रेघ दिसली तर फट आहे. आधी पुढचा बॉल आणि त्याच्या मागचे दोन पाहा. पुढचा बॉल त्यातल्या एकालाच टेकला असेल तर ब्रेकचा जोर एका अंगाला जातो आणि दुसरं अंग बसून राहतं. नाइन-बॉलमध्ये आणखी एक खूण आहे. रॅक घट्ट असला आणि ब्रेक सारखा बसला की मधल्या ओळीच्या टोकांचे बॉल दर वेळी जवळपास त्याच वाटेने कोपऱ्यातल्या पॉकेटांकडे जातात. ती वाट बदलत असेल तर रॅककडे पाहा.

उद्यमनगरातून एक वाचक : विकतची शीट मागवण्यापेक्षा आमच्याच लेसरवर कापता येईल का? मापं द्याल का?

उत्तर : येईल, आणि तुमच्यासारख्यांनी जरूर करावी. ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक पॉलिस्टर शीट साधारण 0.1 मिमी जाड असते, ती चालते. पीव्हीसी लेसरखाली घालू नका. त्यातून निघणारा आम्लाचा धूर फुप्फुसांनाही वाईट आणि मशीनलाही. लेसर नसेल तर चामड्याला भोकं पाडायचा 5 मिमीचा पोकळ पंच आणि जाड रबराची गादी घ्या. चपलेच्या कारागिराकडे दोन्ही मिळेल. मात्र आखणी मशीनवरच करून घ्या, पट्टीने आखलेलं चुकतं.

भोकाचा आकार मनाने ठरवू नका. बॉल खाली कापडाला टेकला पाहिजे आणि भोकाच्या कडेनेही त्याला धरलं पाहिजे. बॉलचा व्यास आणि शीटची जाडी यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ही भोकाची त्रिज्या. 57.15 गुणिले 0.1 याचं वर्गमूळ 2.39, म्हणजे भोक 4.8 मिमी, 5 मिमी ठेवा. शीट 0.15 मिमी असेल तर 6 मिमी. याहून लहान भोकात बॉल कडेवर तरंगतो आणि डुगडुगतो, मोठ्यात त्याला आधारच मिळत नाही.

दोन भोकांमधलं अंतर हीच खरी मेख. हिशेबाने ते 57.15 यायला हवं, पण तसं कापलं तर वापरलेले, 57.05 झालेले बॉल आपापल्या भोकात वेगवेगळे बसतात आणि प्रत्येक जोडीत फट राहते. म्हणून अंतर तुमच्या बॉलच्या मोजलेल्या सरासरीपेक्षा 0.15 मिमी कमी ठेवा. मग बाहेरचे बॉल भोकाच्या बाहेरच्या कडेवर किंचित चढतात आणि स्वतःच्या वजनानेच आतल्यांवर रेलतात. नव्या सेटसाठी अंतर 57.0 मिमी आणि दोन ओळींमधलं अंतर त्याच्या 0.866 पट, म्हणजे 49.36 मिमी धरा. मागच्या ओळीची पहिल्या भोकापासून शेवटच्यापर्यंत रुंदी 228 मिमी, टोकापासून मागच्या ओळीपर्यंत 197.4 मिमी. ए-फोर कागद 297 बाय 210 मिमीचा असतो. आडवा धरला तर सगळं मावतं, कडेला साडेतीन मिलिमीटरहून थोडी जास्त जागा उरते. लेसरने भोकाच्या कडेला वितळून कंगोरा येतो, तो नखाला लागला तर ब्लेडने हलक्या हाताने काढा. हाच कंगोरा राहिला की लोक म्हणतात शीट काम करत नाही.

इचलकरंजीतून : बॉल लावून वरून दुसऱ्या बॉलने ठोकले की कापडात खळगे पडतात आणि मग रॅक आपोआप बसतो, असं सांगतात. करावं का?

उत्तर : बसतो हे खरं आहे. नवं कापड घातल्यावर एकदाच, अचूक मापाचे बॉल शीटवर लावून, प्रत्येकावर दोन-तीन हलके ठोके दिले तर खळगे बरोबर जागी पडतात. घोटाळा होतो तो रोज ठोकण्याने. प्रत्येकाचा रॅक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असतो, खळग्याशेजारी खळगा पडतो आणि बॉल कुठल्याही एकात बसतो. शिवाय खेळताना हळू चाललेला बॉल त्या जागेवरून जाताना वळतो. यंत्रमागाच्या गावाला वेगळं सांगायला नको : दबलेला, तुटलेला धागा परत उभा राहत नाही. त्यावर इलाज एकच, नवं कापड. शीट रोज वापरलीत तर ब्रेकच्या दणक्यानेच योग्य जागी खळगे तयार होतात. ठोकायची गरज राहत नाही.

गडहिंग्लजहून : स्नूकरचा ट्रँगल पूलला चालेल?

उत्तर : नाही. स्नूकरचा बॉल 52.5 मिमी. पंधरा लाल बॉलची मागची ओळ 262.5 मिमी होते, पूलची 285.75. पूलचे बॉल त्यात मावतच नाहीत, आणि पूलच्या ट्रँगलमध्ये लाल बॉल लावले तर 23 मिमीची ढिलाई राहते. काही टेबलांवर दोन इंची बॉल असतात, त्यांचा ट्रँगल आणखी वेगळा. दुकानात जाताना एक बॉल खिशात घेऊन जा.

जयसिंगपूरहून : पावसाळ्यात रॅक बिघडतो असं वाटतं. भास आहे का?

उत्तर : भास नाही. लोकरीचं कापड दमट हवेत ओल धरतं, जड होतं आणि बॉल शेवटचा केसभर सरकायला कुरकुरतो. त्यावर खेळायच्या काठीच्या टोकाला लावतात त्या चॉकची भुकटी आणि हाताचा घाम बसला की बॉलही एकमेकांवरून सहज घसरून जुळत नाहीत. जून ते सप्टेंबर बॉल दर आठवड्याला कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा, लगेच मऊ सुती कापडाने कोरडे करा. गाडीचं मेणाचं पॉलिश लावू नका, त्याचा थर कापडावर उतरतो. रॅकची जागा दररोज ब्रशने झाडा, शीट उचलून खालचा चॉक पुसा, आणि रात्री टेबल झाकण्याआधी कापड दमट लागत नाही ना ते हाताने पाहा.