वारली छापण्याआधी

स्क्रीन प्रिंटिंगच्या पहिल्याच कामाला वारली चित्रं घेतलीस, छान वाटलं. पण छपाईची जाळी, म्हणजे स्क्रीन, बनवण्याआधी वारली चित्रातला चौक म्हणजे काय ते समजून घे. ती नुसती नक्षीची चौकट नाही. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो काढतात, मधोमध पालघाट ही त्यांची सुफलतेची देवी असते. तो पायपुसण्यावर छापायला माझा तरी हात धजावत नाही. त्यापेक्षा तारपा, म्हणजे त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा नाच घे. कुर्त्याच्या घेरावर तो फार शोभतो. फक्त एकच माणूस कॉपी करून फिरवू नकोस. हाताने काढलेल्या नाचात प्रत्येकाची कंबर वेगळी वाकते, सगळा जीव तिथेच असतो.

गेरूच्या रंगाच्या कापडावर साधा पांढरा उठत नाही, गुलाबीसर दिसतो. खालचा रंग झाकणारा पांढरा घे. तो जाळीत पटकन सुकतो, म्हणून अधूनमधून ओल्या फडक्याने स्क्रीन पूस. रेघ फार बारीक ठेवलीस तर माणसांचे हातपाय तुटके उमटतील.

आणि डिझाइन नेटवरून उचलू नकोस. डहाणू-तलासरीकडे वारली चित्रकार आहेत. त्यांच्याकडून काढून घे, रीतसर पैसे दे, लेबलवर त्यांचं नाव घाल.