लोकशाही देशाने मित्रराष्ट्राच्या राजाचा गौरव करणे हे ढोंग आहे का?

थायलंडचे राजे भूमिबोल यांच्या राज्यारोहणाला 2006 मध्ये 60 वर्षे झाली, तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये त्यांच्या गौरवाचा आणि दोन्ही देशांच्या मैत्रीचा ठराव आला. ज्या देशाचा जन्मच राजाविरुद्धच्या बंडातून झाला त्याने परक्या राजाची अशी स्तुती करावी हे ढोंग नव्हे काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते ढोंग नव्हे. मात्र असा गौरव नेमका कोणत्या कामासाठी आहे हे सांगितले पाहिजे, आणि ते सांगताना अडचणीची बाजू मुद्दाम गाळली तर गौरवाची भाटगिरी होते, हेही तितकेच खरे.

परक्या राजाच्या सन्मानाचा एक वेगळा नमुना आम्हा नागपूरकरांच्या परिचयाचा आहे. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, त्याच दिवशी जमशेटजी टाटांची कापडगिरणी नागपुरात सुरू झाली आणि तिला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. गिरणी केव्हाच बंद पडली, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला, तरी ‘एम्प्रेस’ हे नाव मात्र सुटले नाही. तो प्रजेने आपल्याच सत्ताधीशाला केलेला मुजरा होता आणि तो नाकारण्याची मुभा त्या काळी कोणालाही नव्हती. दोन स्वतंत्र राष्ट्रांमध्ये जो सन्मान दिला-घेतला जातो, त्यात नकाराची मुभा असते, आणि त्याचे मोल मला त्या मुभेतच दिसते.

अमेरिका आणि सयाम (थायलंडचे तेव्हाचे नाव) यांचा मैत्रीचा आणि व्यापाराचा करार 1833 चा. अमेरिकेने आशियातील देशाशी केलेला तो पहिला करार होय. पुढे 1861 मध्ये राजे मोंगकुट यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना तलवार, हस्तिदंत आणि स्वतःचे छायाचित्र पाठवले, शिवाय तिकडच्या जंगलात सोडून वाढवण्यासाठी हत्तीही देऊ केले. उत्तर देण्याची वेळ आली तेव्हा अब्राहम लिंकन अध्यक्ष होते आणि देशात यादवी युद्ध पेटले होते. 3 फेब्रुवारी 1862 च्या पत्रात त्यांनी अत्यंत अदबीने कळवले की, आमचा प्रदेश हत्तींच्या वाढीला अनुकूल ठरेल इतका दक्षिणेकडे पसरलेला नाही आणि वाहतुकीचे आमचे काम वाफेच्या बळावर उत्तम चालते. भेटवस्तूंबाबतही त्यांनी स्पष्ट केले की, कायद्यानुसार अध्यक्षाला त्या खासगी मालमत्ता म्हणून ठेवता येत नाहीत, म्हणून त्या अमेरिकन जनतेबद्दलच्या सद्भावनेची खूण म्हणून स्वीकारल्या जात आहेत. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या पत्रातच आहे. राजाचा मान राखला गेला, त्याची भेट जनतेच्या नावे जमा झाली आणि नको ते निःसंकोचपणे नाकारलेही गेले.

पुढच्या शतकात ही मैत्री सरळ रेषेत चालली असे नाही. जपानच्या दबावाखालील थायलंडच्या सरकारने 25 जानेवारी 1942 रोजी अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले, परंतु वॉशिंग्टनमधील थाई राजदूत सेनी प्रामोज यांनी ती घोषणा अमेरिकेच्या हाती देण्याचेच नाकारले आणि परदेशातून ‘मुक्त थाई’ चळवळ उभी केली. परिणामी युद्धानंतर अमेरिकेने थायलंडला शत्रुराष्ट्र म्हणून वागवले नाही. भूमिबोल यांचा जन्म 1927 मध्ये अमेरिकेतच, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे झाला होता, कारण त्यांचे वडील तेथे वैद्यकशास्त्र शिकत होते. 9 जून 1946 रोजी ते गादीवर आले आणि 1960 च्या जूनमध्ये त्यांनी अमेरिकन काँग्रेसच्या संयुक्त सभेपुढे भाषण केले. कोरियातील युद्धात थायलंडने सैन्य पाठवले, व्हिएतनाम युद्धात आपले विमानतळ अमेरिकेला वापरू दिले. त्यामुळे गौरवाच्या ठरावामागे सामरिक हिशेब नव्हताच, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही.

परंतु ठरावात मांडण्याजोगे कामही होते. उत्तर थायलंडच्या डोंगराळ भागात अफूची शेती करणाऱ्या जमातींना फळे, भाज्या आणि कॉफी यांकडे वळवणारा प्रकल्प राजांनी 1969 मध्ये सुरू केला. पिके उभी छाटण्याऐवजी पर्यायी पीक, रस्ता आणि बाजारपेठ देण्यावर त्याचा भर होता. पाणलोट, जमिनीची धूप आणि कृत्रिम पाऊस या विषयांत त्यांनी आयुष्यभर लक्ष घातले. संयुक्त राष्ट्रांनी जागतिक मृदा दिनासाठी निवडलेली 5 डिसेंबर ही तारीख त्यांच्या जन्मदिवसाची आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचे मुख्यालय आमच्या नागपुरात आहे, आणि पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या विदर्भात मातीचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. (या दिवसाचा एका राजाशी संबंध आहे हे येथे फारसे कोणाला ठाऊक नसते, आणि त्यामुळे काही बिघडत नाही.) सन्मान द्यायचा तर तो असा, कामाला चिकटलेला असावा.

आता अडचणीची बाजू. भूमिबोल यांच्या कारकिर्दीत लष्कराने अनेकदा सत्ता बळकावली आणि बहुतेक वेळा राजमान्यता मिळवली. 1992 मध्ये रस्त्यावर रक्त सांडले असताना लष्करी पंतप्रधान आणि विरोधी नेता या दोघांना राजांनी आपल्यासमोर बसवून समज दिली, त्याची पुष्कळ वाहवा झाली. परंतु 1976 मध्ये थम्मसात विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे हत्याकांड याच कारकिर्दीतले. राजाचा अवमान केल्यास प्रत्येक आरोपामागे 3 ते 15 वर्षे कैद सुनावणारे कलम आजही लागू आहे. 2006 च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे हीरक महोत्सवाच्या अवघ्या काही महिन्यांनंतर, बँकॉकमध्ये पुन्हा रणगाडे उतरले. अमेरिकेने लष्करी मदतीचा काही भाग रोखला, मात्र संयुक्त लष्करी सराव चालूच ठेवले. मला यातील रोखलेला भाग योग्य वाटतो आणि चालू ठेवलेल्या भागाबद्दल शंका वाटते.

भारतही यापासून अलिप्त नाही. आपल्या संविधानाने अनुच्छेद 18 अन्वये किताब रद्द केले, आणि त्याच संविधानाचा अनुच्छेद 51 राष्ट्राराष्ट्रांमध्ये न्याय्य व सन्मानपूर्ण संबंध राखण्यास राज्याला सांगतो. या दोहोंत मला विसंगती दिसत नाही. जवळजवळ 50 वर्षे राज्य केलेले ओमानचे सुलतान काबूस यांना 2019 चा गांधी शांतता पुरस्कार मरणोत्तर जाहीर झाला. इराण आणि अमेरिका यांच्यातील गुप्त बोलणी मस्कतमध्ये घडवून आणणाऱ्या राज्यकर्त्याला शांततेसाठी पुरस्कार देणे समर्थनीय आहे. त्यांच्या राज्यात राजकीय पक्षांना परवानगी नव्हती, हेही त्याच वेळी वर्तमानपत्रांनी आणि संसद सदस्यांनी बोलून दाखवायला हवे होते. मस्कतने त्यावर नाराजी दाखवली असती, तर ती आपण सोसायला हवी होती.